श्रेयाचा हात पोचू नये म्हणून

पटो न पटो, हे माझ्या मावसबहिणीच्या, प्रतिक्षाच्या घरात खरंच घडलंय. मागच्या मार्चमध्ये. रात्री नाही, भर दुपारी.

कऱ्हाटी गावाच्या बाहेर, उसाला लागून त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. नवरा सुयोग बारामतीला कंपनीत. सकाळी गेला की दिवेलागणीलाच यायचा. शेजार नाही. दिवसभर ती आणि दीड वर्षाची श्रेया. बोलायला माणूस नाही म्हणून आमची बया कुकरशीसुद्धा बोलायची!

श्रेया घरभर पळायला लागली, तशी प्रतिक्षानं लाइटच्या बोर्डाच्या खालच्या भोकांना चिकटपट्टी लावली, बादल्या पालथ्या घातल्या.

मग एक दिवस विळी सापडेना.

सापडली... थेट पोटमाळ्यावर.

नंतर काडेपेटी. मग फिनेलची बाटली.

"अवो, तुमी ठेवलं का वर?"

"मी कशाला ठीवू? तूच इसरली आसशील."

"माजा हात तरी पोचतोय का तितं?"

सुयोग हसला. तिला मात्र भीतीपेक्षा बरंच वाटलं. लेकीवर लक्ष ठेवणारं घरात आणखी कुणीतरी आहे... तेवढीच सोबत.

मग ती दुपार आली. लाइट गेलेली. रात्रभर झोप नाही, पोरगी सकाळपासून किरकिरत होती. पुढच्या खोलीत भरवताना पोरीनं ताट उलटं केलं, आणि प्रतिक्षाचा तोल सुटला.

फाडकन मुस्काटात दिली.

इवल्याशा गालावर बोटं उठली.

प्रतिक्षा फडकं आणायला स्वयंपाकघरात गेली...

मागं स्वयंपाकघराचं दार लागलं.

बाहेरून कडी सरकली. हळूच. वरची कडी.

"श्रेया! आगं श्रेया!" ती दार बडवत राहिली. बाहेरचं दार सताड उघडं होतं, आणि अंगणापलीकडं पाटाला पाणी सुटलेलं.

रडणं थांबलं.

मग... श्रेया हसली. कुणीतरी खेळवत असल्यासारखी.

संध्याकाळी सुयोगनं कडी काढली. बाहेरचं दार नीट ओढून घेतलेलं. श्रेया गाढ झोपलेली, दोन्ही बाजूंना उशा लावलेल्या.

"आगं, तुला आत कुणी कोंडलं?"

प्रतिक्षाला कळलं होतं. विळी, काडेपेटी, फिनेल... आणि आता ती स्वतः.

आठवड्याच्या आत त्यांनी खोल्या सोडल्या. आता इंदापुरात राहतात, भरवस्तीत.

परवा मी गेले होते. श्रेया रडत उठली. प्रतिक्षा धावली, पण तिनं लेकीला लगेच उचललं नाही. रिकाम्या कोपऱ्याकडं बघून हळू आवाजात विचारलं,

"घेऊ का?"

थोडा वेळ थांबली... मग घेतलं.

काय उत्तर मिळालं, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.