रुजेपर्यंत

"ताई... मी तुला..." इस्पितळातल्या खाटेवरच्या छोट्याचे ओठ थरथरले, आणि ताईच्या काळजात चर्र झालं! माफीच्या या एका शब्दासाठी तिने सात वर्षं वाट पाहिली होती, आणि तो आज... नेमका आज यावा!

आईबापांमागे तिने या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि बायकोच्या नादी लागून त्यानेच एक दिवस "तुझी लुडबूड पुरे" म्हणत तिला घराबाहेर काढलं. आजारपणाचा निरोप मिळताच मात्र ती होती तशी धावत आली होती.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या वर त्याला गाठ झाली होती. ती काढली, पण तिथे भोक राहिलं. नाकातलंच अस्तर वळवून डॉक्टरांनी ते बुजवलं. ते रुजलं नाही, आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकातून टपटपू लागलं. "माझं मांस घ्या हो!" म्हणत ताईने दंड पुढे केला होता. "दुसऱ्याचं रुजत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. काल त्यांनी त्याच्याच कपाळाच्या कातडीखालचा पापुद्रा, रक्तवाहिनी न तोडता, आत वळवून बसवला, आणि बजावलं, "शिंक, खोकला, हुंदका... काही नको! दाब आला की ठिगळ निसटेल. मग माझ्या हाती काही उरणार नाही."

आणि छोट्याचे डोळे तर काठोकाठ भरले होते! याचं रडं एकदा सुरू झालं की शेजारीपाजारी गोळा होत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि टाकून बोललं की मात्र तो रडायचा नाही, घुम्यासारखा भिंतीकडे तोंड करायचा, हेही!

ताईने काळजाचा दगड केला. "गप्प बस. मी काही तुझ्या प्रेमापोटी नाही आले. लोक नावं ठेवतील म्हणून आले. तुझंमाझं नातं केव्हाच संपलं!"

छोट्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने भिंतीकडे नजर वळवली... पण हुंदका आला नाही. नाकाखालचा कापूस कोरडाच राहिला.

ताई कशीबशी बाहेरच्या बाकापर्यंत पोचली, आणि रुमालाचा बोळा तोंडात कोंबून गदगदून रडू लागली. मागोमाग, दारातून सगळं ऐकलेली भावजय तणतणत आली.

"वन्सं, मरणाच्या दारातल्या भावाला असं बोलवतं तरी कसं हो तुम्हाला?"

"बोलले नसते, तर तो रडला असता गं..."

भावजय तशीच त्याला सांगायला खोलीकडे वळली.

"त्याला सांगू नकोस. रुजेपर्यंत मला वाईटच राहू दे. आणि नाहीच रुजलं, तर..."

भावजय मटकन खाली बसली, ताईच्या मांडीत डोकं खुपसून ओक्साबोक्शी रडू लागली. "त्यांच्या वाटची माफी मी मागते, वन्सं! तुम्हाला घालवलं ते मीच... आणि मला काही डॉक्टरांनी रडायची मनाई केलेली नाही!"