सरकता का जरा

उद्या तंबू घेऊन पठारावर मुक्कामाला निघालात ना, म्हणून सांगतो. माझ्या ओळखीच्या एका मोजणीदाराची गोष्ट आहे. त्याने ती मला एकदाच सांगितली, पुन्हा विषय काढू दिला नाही.

जानेवारीतला तिसरा मंगळवार. पठारावरून नवा रस्ता जायचा होता, त्याची आखणी संपत आली होती. आठ खुंट्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्यासाठी खाली उतरा आणि सकाळी पुन्हा दीड तास चढा, त्यापेक्षा वरच झोपू, असं मोजणीदाराने ठरवलं. सोबत त्याचा मेव्हणा होता. तो ऑफिसची जीप चालवायचा. जीप पायथ्याला ठेवून तोही कुरकुरत वर आला.

मोजणीदाराचे थंडीचे नियम पक्के. अंथरुणाखाली सुकं गवत जाड पसरायचं, कारण अंगातली ऊब आधी जमीनच ओढून घेते. दिवसभराचे मोजे बदलून कोरडे घालायचे. पोटभर जेवायचं. उकळत्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायची. नाक-तोंड स्लीपिंग बॅगेबाहेर ठेवायचं, नाहीतर श्वासाची ओल आत धरते. मेव्हणा म्हणाला, दाजी, एवढ्या तयारीत माझं लग्न उरकलं असतं.

दोघे आपापल्या स्लीपिंग बॅगेत शिरले. तंबू दोघांपुरताच. मोजणीदार मेव्हण्याकडे तोंड करून कुशीवर झोपला. पाठीमागे चार बोटांवर तंबूचं कापड. दाराची चेन त्याने स्वतः आतून लावली होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. घड्याळ पाहिलं म्हणून वेळ लक्षात राहिली. वारा पडला होता. कुणीतरी हळूच म्हणत होतं,

"सरकता का जरा? फार गारठलोय."

मेव्हणाच असणार. मोजणीदार झोपेतच थोडा सरकला. जरा वेळाने पुन्हा तेच. तो अजून सरकला, आणि त्याचं कपाळ मेव्हण्याच्या खांद्यावर आपटलं.

"दाजी, अंगावर कुठे येताय?"

"तूच म्हणालास ना, सरका."

"मी...? मी झोपलो होतो."



मग मोजणीदाराच्या ध्यानात आलं. आवाज समोरून आलाच नव्हता. तो पाठीमागून आला होता.

पाठीमागे फक्त कापड. चार बोटांवर... पण आता तिथे काहीतरी टेकलं होतं. मानेपासून टाचेपर्यंत. गार. बॅगेतून, जाकिटातून, आत हाडात उतरणारं गार.

"सरकता का..."

या वेळी मेव्हण्यानेही ऐकलं. त्याने अंधारात दाजींचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की पुढे आठ दिवस वळ राहिला. पळायचं तर कुठे? बाहेर गवतावर बर्फ धरलं होतं. जीप दीड तास खाली. मेव्हण्याला संध्याकाळपासून कणकण होती. अशा थंडीत त्याला बाहेर काढलं असतं, तर त्याच्या बहिणीला काय सांगायचं?

मोजणीदाराने बॅगेची चेन उघडली. मागे वळला नाही. सरपटत मेव्हण्याच्या बॅगेत घुसला. दोघे त्यात मावेनात, तसेच बिलगून राहिले. मग पायाने आपली रिकामी बॅग मागे ढकलली.

"घ्या," तो म्हणाला. "झोपा इथे."

काही नाही.

मग कापडाची सळसळ. गवत दबलं. आणि चेन... हळूहळू... दात दात करत... पायापासून वर... वर...

थांबली.

मग एक सुस्कारा. माणूस शेकोटीपाशी बसल्यावर सोडतो तसा.

उजाडेपर्यंत दोघांनी डोळे उघडले नाहीत.

सकाळी दाराची चेन बंदच होती. बॅग पसरलेली होती, सपाट, गळ्यापर्यंत लावलेली. आठ खुंट्या तशाच टाकून दोघे खाली उतरले. पुढे ते काम दुसऱ्यानेच पुरं केलं. बॅग गुंडाळून आणली खरी. सरकारी सामान, टाकणार कुठे? ती माळ्यावर गेली. घरी दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

महिन्याने बायकोने माळा आवरायला काढला. मोजणीदार खाली स्टूल धरून उभा होता. तिने बॅगेची गुंडाळी सोडली, चेन उघडली, आत हात घातला आणि तसाच ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "आत ऊब आहे. यातून आत्ता कोण उठून गेलं?"