पुढच्या मुक्कामाचे खडे

तेजश्रीनं सहलीसाठी केलेल्या एक्सेल शीटमध्ये अकरा रकाने होते. मुक्काम, समुद्रसपाटीपासूनची उंची, मेअखेरचं किमान तापमान, परवाना कुठून, फोन नंबर, असं करत करत शेवटचा रकाना 'खात्री'चा. ज्या गोष्टीची खात्री स्वतः फोन करून झाली, तिथं ती हिरवा रंग भरायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती पाटसकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. उसाच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, दोनदा मोजल्याशिवाय लिहायचं नाही, हा तिथला नियम तिनं घरीही आणला होता. "आमटीत मीठ हाय का न्हाई, हे बी ही दोनदा चाखून सांगती," असं आई म्हणायची.

गाळप संपलं होतं. बॉयलर गार झाले होते आणि आठ दिवसांची रजा मंजूर झाली होती. सोबतीला प्रयोगशाळेतलीच मोनाली, दौंडची. दौंडहून रेल्वेनं दिल्ली, तिथून बसनं हिमाचल. पुढं चार मुक्काम: गुशैनी, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आतला रोल्ल्याचा कॅम्प, मग दुसऱ्या खोऱ्यातलं बरशैणी आणि तिथून चढून खीरगंगा नॅशनल पार्क. दोघींनीही आजवर डोंगर पाहिला होता तो फार तर सिंहगडाचा.

अडचण घरातली होती. इनामगावच्या अलीकडं घोड नदीच्या काठावर त्यांची वस्ती. पणजोबांपर्यंत मेंढरं राखणारं घर, आता ऊस आणि कांदा. या घरातलं कुणी कधी बाहेर मुक्कामाला राहत नसे. लग्न असो, मयत असो, देवदर्शन असो, दिवस मावळायच्या आत सगळे परत. तेजश्रीनं पुण्याचं कॉलेज पाच वर्षं रोज एसटीनं ये-जा करून केलं होतं. कारण विचारलं की सगळे एकच सांगायचे, "आपल्यात न्हाई."

जूनमध्ये तिला बघायला पाहुणे येणार होते. त्यानंतर कोण कुठं जाऊ देणार, हे तिला कळत होतं. एकदा, एकदाच, आठ रात्री या छपराच्या बाहेर काढायच्या होत्या.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, महिनाभर नाही म्हणत राहिले आणि शेवटी कंटाळून म्हणाले, "तुझा त्यो कागद समदा हिरवा करून दाखव. एक बी खाना पांढरा दिसला तर जायचं न्हाई."

त्याच संध्याकाळी ओसरीवर बसलेल्या आबांनी तिला हाक मारली. आबा, अण्णांचे वडील, चौऱ्याऐंशीचे. ऐकू कमी यायचं, नजर मात्र साफ.

"लांबच्या वाटंला निघालीस म्हनं. मुक्काम सांग."

तिनं कानाशी ओरडून एकेक नाव सांगितलं. प्रत्येक नावाला आबांनी ओसरीच्या कडेला एक खडा मांडला. चार झाले.

"आन् परतीचं सांगू का?"

"परतीचं नगं. पुढं गेलेला आला की त्यो सांगतो."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

तीन दिवसांनी तिनं गुशैनीच्या होमस्टेला फोन लावला. मालक सज्जन वाटला.

"मैडम, आप का आदमी तो परसों ही सब देख के गया।"

"कौन आदमी?"

"लड़का था, बीस-बाईस का। काला कंबल, लाल पगड़ी, हाथ में लाठी। हमारे गद्दी भेड़वालों जैसा, पर यहाँ का नहीं था। बोली समझ नहीं आई। बस एक बात समझी, इनामगाँव। वही तो आपने बुकिंग में लिखा है।"

त्या पोरानं खोली पाहिलीच नव्हती. ओढ्याचं पाणी पिऊन पाहिलं, घराच्या मागचं गवत मुठीनं उपटून हुंगलं आणि जाताना पायरीवर ओळीनं खडे ठेवले.

"कितने?"

"पाँच। आपने तो दो लोग बोला था न?"

तिनं फोटो मागवला. पायरीवर पाच करडे, गुळगुळीत गोटे होते. अभ्रकाचे कण उन्हात चमकत होते. घोडच्या पात्रात असा दगड सापडत नाही. इथं सगळा काळा बेसाल्ट. म्हणजे गोटे तिथल्याच नदीतले, एवढं तरी नक्की झालं.

रोल्ल्याच्या वाटाड्यानं तेच सांगितलं. बरशैणीच्या ढाबेवाल्यानंही. तोच पोरगा, पाच खडे.

घरात माणसं पाच होती. आबा, अण्णा, आई, धाकटा भाऊ पप्पू आणि ती.

जेवायला बसल्यावर तिनं सरळच विचारलं, "अण्णा, तुम्ही माणूस लावलाय ना माझ्या मागं?"

"कसला मानूस?"

"हिमाचलात. पाच जणांची जागा बघत फिरतोय. सगळ्यांनी माझ्याबरोबर यायचं ठरवलंय का?"

अण्णांचा घास हातातच राहिला. "मी? हिमालयात? आगं, मी चौफुल्याच्या पुढं कवा चप्पल काढून बसलो न्हाई."

पप्पू हसला. त्याचं न्हावऱ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं, शीटची प्रिंट त्यानंच काढली होती. "ताई, तिकडं मानूस पाठवायला पैशे असते तर मी आधी दुकानात एसी बसवला असता."

"तुझ्याकडं माझी सगळी शीट आहे."

"हाय ना. तुझ्या शीटला कोन इचारतंय? त्यापेक्षा लोक पीकविम्याचे फॉर्म जास्त वाचत्यात."

संशय तिथं मिटला नाही. अण्णांना सहल नको होती, पप्पूकडं शीट होती, आणि तिला घाबरवायला एवढं पुरे होतं. पण संशय म्हणजे निष्कर्ष नव्हे. तिनं चाचणी करायची ठरवली.

नकाशावरून तिनं आणखी तीन गावं घेतली. जिभी, शोजा आणि कलगा. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली निघाली जिभी. ते नाव तिनं जेवताना अण्णांना ऐकू जाईल असं मोठ्यानं घेतलं. दुसरी शोजा. ती शीटमध्ये भरून प्रिंट काढायला पप्पूकडं दिली. तिसरी कलगा. ती चिठ्ठी तिनं फाडून टाकली, ते नाव दुसरीकडं कुठंही लिहिलं नाही. दुपारी सगळे कांदा भरायला रानात असताना आबांच्या कानाशी जाऊन तेवढंच सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि पाचवा खडा मांडला.

आबांकडं फोन नव्हता. ओसरी सोडून ते फार तर अंगणातल्या लिंबापर्यंत जायचे.

चौथ्या दिवशी तिनं तिन्ही ठिकाणी फोन केले. जिभीला कुणी आलं नव्हतं. शोजालाही नाही.

कलग्याच्या होमस्टेची बाई म्हणाली, "हाँ जी, कल आया था। पाँच पत्थर रखे हैं सीढ़ी पर। हटाऊँ क्या?"

तेजश्रीनं तासाभरानं पुन्हा फोन करून तेच पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. दोनदा मोजलेलं ब्रिक्स.

ती ओसरीवर आली. आबा खड्यांकडं बघत होते.

"आबा, पुढं कोण गेलंय?"

आबांनी एक खडा बोटानं सरळ केला. मग म्हणाले, "शंभू. माझा थोरला भाऊ."

तिनं हे नाव घरात कधी ऐकलं नव्हतं.

"वाडा म्हंजी काय, ठावं हाय का तुला? चार चुली, शे-दोनशे मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड. दिवाळी झाली की कोकनात उतरायचं. पर वाडा असा उठून चालत न्हाई. आधी एक गडी पुढं जातो. पानी बघतो, चारा बघतो, लांडग्याचं बघतो. जितकी मानसं उतरनार तितकं खडं मांडून जागा धरतो. मग माघारी येऊन सांगतो. त्यो आल्याबिगर वाडा हलवायचा न्हाई."

"आणि शंभूआजोबा?"

"मी धा वर्साचा आसंन. हितंच, घोडच्या काठाला वाडा हुता. शंभू पुढं गेला, त्यो आलाच न्हाई. बा म्हनला, थांबा. थांबलो. मेंढरं मेली, ऱ्हायली ती इकली. पोटाला पायजे म्हनून बानं कुनाची जमीन वाट्यानं केली. मग कालवा आला."

"म्हणजे तेव्हापासून आपण इथं स्थायिक झालो."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत म्हातारपणाचा गोंधळ नव्हता.

"स्थायिक न्हाई, पोरी. थांबलोय. कुनी मुक्कामच सांगत नव्हतं, म्हनून त्यो बी कुठंतरी थांबला आसंल. तू सांगितलंस."

ती घरात गेली. शीट उघडून बराच वेळ बघत राहिली. सगळे खाने हिरवे होते. अण्णांना दाखवलं असतं तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बरशैणीच्या ढाबेवाल्यानं आपणहून फोन केला.

"मैडम, वो लड़का खीरगंगा से उतर आया। चाय पी, फिर इशारे से बोला, वापस जा रहा हूँ, घर। बहुत खुश था।"

तेजश्रीनं दहा मिनिटांत सगळं रद्द केलं. तिकीट, परवाने, खोल्या. कशाला, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. न दिसणाऱ्या गोष्टीपुढं हात टेकणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण पाच खडे मोजता येत होते, आणि त्यांतला एक तिचा होता.

मोनाली फोनवर उसळली. "तेजे, वेडी आहेस का तू? मी बूट घेतलेत! ते घालून मी काय दौंडच्या बाजारात फिरू?"

"सांगते नंतर सगळं."

"नंतर तुझं लग्न होईल. मग सांगशील पोरांचे डबे भरता भरता."

चार वाजता मोनालीचाच परत फोन आला. आवाजातला राग गेला होता.

"अगं, तुमच्याकडचं कुणी आलं होतं का इकडं? आत्ताच एक पोरगा दारात येऊन पाणी मागत होता. काळी घोंगडी, लाल फेटा, इनामगावचा म्हणाला. तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. म्हणाला, समदीकडं जागा चांगली हाय."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तेजश्रीनं सगळं रद्द केलंय. तर हसला. म्हणाला, तिला इचारून वाडा निघत नसतो."

तेजश्रीनं फोन खाली ठेवला आणि सवयीनं हिशोब केला. बरशैणी ते दौंड, रस्त्यानं अठराशे किलोमीटर धरले तर सहा तासांत ताशी तीनशे. हा आकडा तिनं कागदावर लिहिला आणि खोडला. दौंडहून वस्ती म्हणजे मेंढरांच्या चालीनं एक मुक्काम.

त्या रात्री सगळे नेहमीसारखे जेवून झोपले. तिनं दाराला आतून कडी लावली आणि ती बसली की नाही, ते दोनदा पाहिलं.

सकाळी तिला जाग आली ती शांततेनं. विहिरीवरची मोटर चालू नव्हती. अण्णा रोज सहाला ती चालू करत. घड्याळात पावणेसात झाले होते.

दार सताड उघडं होतं.

आई चुलीपुढं बसून भाकरी धडप्यात बांधत होती. भांडी पोत्यात भरून झाली होती. पप्पूनं दुकानाच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या होत्या आणि तो दोरीनं वळकट्या आवळत होता. दोरीची गाठ त्याला कुणी शिकवली, हे तिला आठवेना.

"आई, कुठं निघालात?"

आईनं मान वर केली नाही. "किती भाकऱ्या लागतील गं, पैल्या मुक्कामापर्यंत?"

"मी रद्द केलंय सगळं."

अण्णा बाहेरून आले. म्हैस शेजारच्या सोपानरावांच्या गोठ्यात बांधून आले होते. महिनाभर नाही म्हणणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर आता कसलाच अडसर नव्हता.

"ऊन व्हायच्या आत निघू," ते म्हणाले. "किती वाजता म्हनतीस?"

तिला हेच ऐकायचं होतं. महिनाभर, याच आवाजात.

ती ओसरीवर आली. आबा उभे होते. काठीशिवाय, ताठ. समोरचा मेथीघासाचा वाफा काल गुडघाभर होता. आज बुडख्यापर्यंत साफ होता, विळ्यानं कापावा तसा नाही, दातांनी खुडावा तसा. तिथून दौंडच्या रस्त्याकडं गेलेली माती बारीक खुरांनी तुडवून निघाली होती. या वस्तीवर सत्तर वर्षांत मेंढरू नव्हतं.

उंबऱ्यावर पाच गोटे ओळीनं ठेवले होते. करडे, गुळगुळीत. सकाळच्या उन्हात अभ्रक चमकत होतं.

आबांनी वाकून एक उचलला आणि कनवटीला लावला.

अण्णांनी एक घेतला.

आईनं एक घेतला, पदराच्या गाठीत बांधला.

पप्पूनं घेतला.

कुणी घाई केली नाही, कुणी तिच्याकडं पाहिलंही नाही. चौघं अंगणात उतरून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

"तुझा उचल," आई म्हणाली.

तेजश्री वाकली ती नीट बघायला. मे महिन्याचं ऊन उंबऱ्यावर केव्हाचं आलं होतं, फरशी कोमट झाली होती. गोटा कोरडा होता, आणि बर्फातून आत्ता काढावा इतका गार.

तो गार आहे हे आपल्याला कसं कळलं, असा प्रश्न तिला पडला तेव्हा उंबरा रिकामा होता.