हळद लागलेलं हेल्मेट

"डोक्याचं माप घ्याचं तं आधी डोकं दिसलं पायजे ना, भाऊ! दुपट्टा काढा."

दुकानात शिरलेल्या त्या माणसाचे मला फक्त डोळे दिसत होते. वैशाखातलं गडचांदूर काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. वरून ऊन, खालून सिमेंट कारखान्यांची भुकटी... बाया काय आणि बाप्ये काय, सगळे नाक-कान-तोंड दुपट्ट्यात गुंडाळून फिरतात, आणि त्या दुपट्ट्यावरूनच हेल्मेट चढवून बघतात. "बरोबर बसलं," म्हणतात आणि घेऊन जातात. मग श्रावणात दुपट्टा घरी राहतो आणि हेल्मेट डोक्यावर खुळखुळत फिरतं. दर वर्षी हेच, आणि दर वर्षी मीच ओरडते. बाबा म्हणतात, दिव्यानी दुकानात बसली की गिऱ्हाइकाला आधी रागावते, मग सामान दाखवते.

"दुपट्ट्यावरूनच दाखवा ना मॅडम. उन्हातून आलो, डोकं तापून हाय."

"मंग थंड होईस्तोवर बसा. पानी प्या."

तो खरंच बसला. माठातलं पाणी प्यायला आणि गुमान दुपट्टा सोडू लागला... एक वेढा, दुसरा वेढा... आतून एक सावळा, अवघडलेला चेहरा बाहेर आला. कपाळावर दुपट्ट्याच्या काठाची लाल रेघ उमटली होती. मी टेप त्याच्या डोक्याभोवती फिरवली आणि आकडा वाचता वाचता विसरले. पुन्हा मोजावं लागलं.

"एवढं मोठं हाय का डोकं?" त्यानं विचारलं.

"डोकं बरोबर हाय. हालू नका."

लालसू कुमरे त्याचं नाव, आजोबांचं ठेवलेलं. जिवतीच्या डोंगरावरचं गाव, गुरांच्या दवाखान्यात नोकरी. गुड्यागुड्यांवर, म्हणजे डोंगरातल्या वाड्यांवर, जाऊन गाई-बैलांना लस टोचायची. पेट्रोलपंप डोंगराखाली आणि वीज मात्र घरात आलेली, म्हणून पठ्ठ्यानं इलेक्ट्रिक बाइक घेतली होती. ती बाहेर उभी होती, नवीकोरी, आणि तिच्या मालकाच्या पायांत साध्या चपला. माझा पारा पुन्हा चढायला लागला.

"तोंड उघडं राहते तसंवालं द्या," तो म्हणाला. "हनुवटीवालं नको."

"काऊन? हनुवटी घरी ठेवून याचं हाय का?"

"नाई हो... गाडीले आवाज नाई ना. म्हनून मलेच गा लागते."

मी टेप गुंडाळायची थांबले. तो अगदी गंभीर होता. मोहफुलांच्या दिवसांत घाटाच्या वळणावर अस्वल बसलेलं असतं, तो सांगू लागला. जुन्या गाडीची फटफट ऐकून ते आपणहून बाजूला व्हायचं. ही बिनआवाजाची बया गुपचूप त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहते. दचकलेलं अस्वल माणसाला सोडत नाही. म्हणून वळण आलं की लालसू मोठ्यानं गाणं म्हणतो. बंद हेल्मेटात आवाज आतल्या आत राहतो.

मला हसू आवरेना. पण बोलणं खोटं नव्हतं. मी वरच्या फळीवरून हनुवटीचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट काढलं. "जंगलातल्या वळणावर हळू चालवाचं, हे वर कराचं, गाचं. बाकी सगळीकडे खाली. वर करून जोरात चालवली तं डोकं उघडं ठेवल्यासारखंच हाय."

हेल्मेट चढवून मी त्याला डोकं हलवायला लावलं. हेल्मेट डोक्याबरोबर हललं, मागे राहिलं नाही, म्हणजे माप बरोबर. मग पट्टा आवळला आणि हनुवटीखाली माझी दोन बोटं घालून पाहिली. तेवढीच जावीत, जास्त नाही. हजार गिऱ्हाइकांना मी असं करते. त्या दिवशी मात्र बोटं काढायला जरा उशीरच झाला...

"आता गाऊन दाखवा," मी पटकन म्हणाले.

आणि तो गायला! भर दुपारी, दुकानात, गोंडी गाणं. मला एक अक्षर कळलं नाही, तरी उगाचच लाजले.

पुढच्या आठवड्यात तो हातमोज्यांसाठी आला. पडताना माणूस आधी हातच टेकवतो, म्हणून तळव्याला जाड चामडं असलेले दिले. मग घोट्याच्या वर येणारे बूट. मग गुडघ्यांचे पॅड. मग उन्हातही वारा आत शिरेल असं जाळीचं जाकीट, कोपर आणि खांद्यांना आतून जाड थर असलेलं. दर खेपेला एकच वस्तू.

"सगळं एकदम घेऊन टाका ना," मी एकदा म्हणाले. "घाट उतरून दरखेपी याची दगदग कायले?"

"एकदम घेतलं तं मंग इथी याचं कायले?"

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. हातातला पॅड उलटसुलट करून बघत राहिला. मीही काउंटरवरची नसलेली धूळ पुसत राहिले. आमच्याकडे आलेला प्रत्येक माणूस भाऊच असतो, पण त्या दिवसापासून माझ्या तोंडून त्याला 'भाऊ' काही निघेना. नाव घ्यायचीही हिंमत होईना. मग नुसतंच 'ऐका ना' म्हणायला लागले. बाबांनी वर्तमानपत्राआडून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

भादव्यात तो येईनासा झाला. भुरभुर पाऊस, रस्त्यावर सिमेंटचा चिखल, आणि दारासमोर कोणतीही गाडी थांबली की माझी मान वर. गाडी बिनआवाजाची, त्यामुळे कानांचा उपयोग नव्हता... सारखं बघावंच लागायचं.

आणि एका दुपारी तो आला. कोपराला पट्टी, चालणं जरा लंगडं.

"काय झालं?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"रानडुकरीण पिल्लं घेऊन आडवी आली. ब्रेक मारला, वल्ला रस्ता... तोंडावरच घसरत गेलो." त्यानं हनुवटीला हात लावला. "हेल्मेट खाली केलेलं होतं म्हनून ही हनुवटी हाय. दिव्यानी... तू नसती तं मी आज इथी उभा नसतो."

त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं. 'तू' म्हटलं होतं. तो आभार मानत होता, आणि मी मात्र त्याच्या हातातल्या हेल्मेटकडे पाहत होते. हनुवटीवर खरवडलेल्या रेघा, कानापासून खालपर्यंत तडा. आणि कपाळावर हळदीचा जाड टिळा, त्यात चिकटलेले तांदूळ.

"हे घालून आलास?"

"मायनं पूजा केली. पेनाजवळ ठेवलं होतं." पेन म्हणजे त्यांच्या घरचा देव. "ती म्हनते, यानंच तुले वाचोलं, आता हेच घालून जाशील. दुसरं डोक्यावर ठेवशील तं घरातून निघू देनार नाई. मी शब्द देला तिले."

"अरे बाप्पा! यानं एकदा मार खाल्ला. आतला थर दबला, तो पुन्हा फुगत नाई. हे पाह्य." मी अंगठ्यानं दाबून दाखवलं. "पुन्हा पडला तं हे काईच करू शकनार नाई. नुसती टोपी हाय आता ही."

"मले समजते. पन माय ऐकत नाई. सोमवारपासून लसीकरन हाय, रोज घाट हाय... आन शब्द मोडला तं ती दिवसभर जेवत नाई."

रोज घाट. रोज तडा गेलेलं हेल्मेट.

"उद्या मले तुह्या घरी याचं हाय," मी म्हणाले.

दुकान बाबांवर सोपवून, त्याच मापाचं नवं हेल्मेट मांडीवर घेऊन मी सकाळच्या जिवतीच्या जीपमध्ये बसले. घाटातलं प्रत्येक वळण आलं की मी जीपबाहेर वाकून बघायची. इथे घसरला असेल का? की इथे? जंगल हिरवंगार, सुंदर होतं, आणि मी मात्र नुसता रस्त्यावरचा ओलावा पाहत होते.

बुधरीबाई, म्हणजे त्याची माय, पडवीत सूप घेऊन तूर पाखडत होत्या. बारीक अंग, हातावर गोंदण. लालसू भिंतीजवळ गाडीचं चार्जिंग लावत होता.

"जोहार, मावशी."

"जोहार. बस." त्यांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं आणि पाखडणं चालूच ठेवलं.

मी सगळं समजावून सांगितलं. आतला थर, तडा, दबलेली जागा. दुकानात मी कोणालाही पटवते. इथे माझा एकही शब्द सुपाच्या आवाजापलीकडे जाईना.

"पोरी," अखेर त्या म्हणाल्या, "हा बिमार झाला तं मी पेनाले सांगते, हा बरा होते. यावक्ती थ्या टोपीत बसून पेनानं याले धरलं. तुले काय, तू दुकानदारीन. तुले नवं विकाचं हाय."

ते वाक्य मला चटकन लागलं. रागावायला तोंड उघडलं आणि... रडूच आलं. त्यांच्या अंगणात, कोंबड्यांसमोर, मी ढसाढसा रडले.

"मले काईच विकाचं नाई, मावशी! मले हा पायजे. लालसू. अख्खा, डोक्यासकट! हा घाट उतरून गेला की तुम्ही दारात वाट पायता ना? मलेबी तशीच वाट पाहा लागते. तुमाले तरी कोनी इचारते. मी कोनाले सांगू?"

सूप थांबलं. लालसू हातात प्लग घेऊन तसाच उभा राहिला.

"काय रे," माय म्हणाली, "ही काय म्हनून राह्यली?"

"खरं म्हनून राह्यली, माय."

"आन तू?"

तो माझ्याकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. "मी तं तेच सांगाले दरखेपी दुकानात जात होतो," तो म्हणाला. "सांगनं होत नव्हतं... तं काईतरी विकत घेऊन वापस येत होतो."

बुधरीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग उठल्या. आतून ते तडा गेलेलं हेल्मेट घेऊन आल्या, त्याच्यावरून हळूच हात फिरवला, आणि पुन्हा आत जाऊन ते पेनाजवळ ठेवून आल्या. येताना हातात हळदी-तांदळाची वाटी होती. माझ्यासमोर बसून त्यांनी माझी हनुवटी धरली आणि कपाळावर टिळा लावला. बोट खरखरीत होतं, हळद गार होती.

"थ्या हेल्मेटले हात जोडले मी," त्या म्हणाल्या. "पन जिनं थे माह्या पोराच्या डोक्यावर ठेवलं, तिचं नावबी इचारलं नाई. तुहे उपकार हायेत, बाई. थे राहू दे इथी, त्याचं काम झालं. नवं तू घाल त्याले, तुह्या हातानं."

मी लालसूच्या डोक्यावर नवं हेल्मेट चढवलं. मी पट्टा आवळत होते आणि तो अगदी शहाण्यासारखा मान खाली घालून उभा होता. "घट्ट हाय का?" मी विचारलं. "राहू दे घट्ट," तो म्हणाला. इतकं कृतज्ञ मला आजवर कधी वाटलं नव्हतं. त्याचं डोकं माझ्या दोन हातांत शाबूत होतं, आणखी काय मागायचं देवाकडे?

तो गुड्यावर जायला निघाला. गाडी आवाज न करता अंगणातून बाहेर पडली आणि सागाच्या झाडांआड गेली. बुधरीबाई दारात उभ्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी कनवटीचा मोबाइल काढून माझ्या हातात ठेवला.

"तुहा नंबर टाकून दे यात. त्याले घरी याले उशीर झाला तं मी तुले लावीन. आता दोघी मिळून वाट पाहू."