बोट ठेवलं ते कुठे?

कारकूनबाईंनी दोन निबंध टेबलावर आपटले. "घ्या मॅडम! शब्द न् शब्द तोच, नावं मात्र दोन!"

इंग्रजीच्या मॅडमनी नावं पुन्हा पुन्हा वाचली. एक होती चिमणी, जिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. दुसरी त्यांची सख्खी भाची, बहीण गेल्यावर त्यांनीच पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. दोघींची तुकडी वेगळी, पण मैत्री अशी घट्ट की सुरी घालायला फट नाही. आणि आता चोर ठरेल तिचं कॉलेज सुटणार होतं!

"चिमणीचा हात गळ्यात," कारकूनबाई म्हणाल्या. "टाइप काय पायानं केला?"

मॅडमनी निबंध वाचला. विषय होता नदीतले मासे का मेले. विचार झकास, पण जिथं तिथं 'धिस' आणि 'दीज'! हे वाढलं, म्हणून हे मेले. हे म्हणजे काय, त्याचा पत्ताच नाही.

दोघींना घेऊन त्या चिमणीच्या खोलीवर गेल्या; कॉम्प्युटर तिथंच होता. टेबल खिडकीपाशी. खुर्चीच्या पाठीमागच्या भिंतीवर हातानं काढलेला नदीचा भलामोठा नकाशा.

"टाइप कुणी केलं?"

"मी," भाची म्हणाली. "याच खुर्चीत."

"मी सांगितलं, तिनं टाइप केलं," चिमणी पुटपुटली.

"थापा मारतेय!" भाची उसळली.

"मग पहिलं 'धिस' नकाशावर दाखव."

भाची नकाशापुढे उभी राहिली. "हे म्हणजे... पाणी?"

चिमणीनं डाव्या हाताचं बोट टेकवलं. "हे, साबण कारखान्याचं गटार. आणि हे पुलाखालचं डबकं, मासे इथेच मेले."

मॅडम भाचीकडे वळल्या. "हिनं नकाशावर बोट ठेवून सांगितलं, म्हणून निबंधात गटार, डबकं ही नावं आलीच नाहीत. तुझी पाठ नकाशाकडे. ऐकलंस ते सगळं उतरवलंस, पाहिलं काहीच नाहीस. का गं?"

"तिचा निबंध दुसरे सर तपासणार होते, वाटलं कळणार नाही," भाची हुंदके देत म्हणाली. "सगळे म्हणतात, मावशीच्या जिवावर पास होते. एकदा तरी तू मला शाब्बास म्हणावंस..."

चिमणीही रडायला लागली. "मॅडम, तिला काढू नका ना!"

"मावशी, तू माझीच आहेस ना?"

"आहे. म्हणून प्राचार्यांना मीच सांगणार."

मॅडमनी भाचीचे डोळे पुसले. मग स्वतःचे न पुसताच दार उघडलं.