चढा टाका

"हं, करा चालू, बाई," तबले बनवणारे हणमंतमामा खरटमल म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला. समोरच्या पडद्यावर डॉक्टर निंबर्गी होत्या. सोलापुरात आता दुकानात बसल्या बसल्या डोळा सारखा करून घेणं दाढी करण्याइतकं साधं झालं होतं.

मामांच्या उजव्या डोळ्यात कुणा मृत माणसाचं पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, शिवलेलं होतं. टाके कमीजास्त ओढले गेले की पारपटलाला बाक येतो आणि गोल वस्तू लांबट दिसते. हेच दृष्टिवैषम्य. म्हणून हे टाके ताणधाग्याचे होते. चष्म्यातला प्रकाश पडला की धागा आवळायचा. सैल मात्र व्हायचा नाही. चष्म्यात दिसणारं कडं गोल झालं की रुग्णाने ‘थांबा’ म्हणायचं.

डावा डोळा केव्हाच गेला होता. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या ताणलेल्या चामड्यावर, काळ्या शाईचे थर गोल बसवायचे तर मामांकडे हा एकच डोळा होता.

"मामा, काल थांबा म्हणालात तेव्हा कडं गोल होतं ना? दोष वाढलाय तुमचा!"

"गोल झालं, मग वर जरासं ओढू दिलं."

"पण का?"

"नवी पुडी दोन दिवसांत सैलावते, सूर उतरतो, बाई. म्हणून आम्ही ती जरा जास्त ताणून चढीच ठेवतो. जन्मभर हाताला हेच वळण."

"अहो, ते चामडं नव्हे! हा धागा उतरत नाही." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आता दुसऱ्या दिशेचे, आडवे टाके आवळून बरोबरी साधायची. एकदाच जमेल. जास्त ओढलंत तर धागा पारपटल कापेल. कुठे थांबायचं ते यंत्रावर सोडू का?"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. चांगलीच माती खाल्ली होती.

"यंत्र बाहेरून मोजतं. दिसतं मला," ते म्हणाले. "चुकलो मी, निस्तरणार पण मीच."

प्रकाश पडला. लांबट कडं हळूहळू आखडलं, गोल झालं. अजून जरासं, अजून जरासं, असं मन म्हणत होतं.

"थांबा!" मामा ओरडलेच.

त्यांनी चष्मा काढला. मांडीवरच्या तबल्याची शाई चक्क गोल दिसत होती. त्यांना हसू आलं आणि रडूही. त्यांनी हातोडी उचलली, पण मध्येच थांबले.

"बाई, हा धागा उतरत नाही म्हणता. पण मी म्हातारा होणार, डोळा बदलणार. तेव्हा याला सैल कोण करणार?"