वळणावर राहिलेली सवारी

तेजल, दिवा बारीक कर. मिथुन, पाय चटईवर घे. सांगते, पण गोष्ट म्हणून ऐकू नका. आपल्या मोनालीच्या नवऱ्यावर, अंकुशवर गुजरलेलं आहे हे. आपल्या जावईबापूंना खोटं बोलायचासुद्धा कंटाळा, तेव्हा खरंच असणार. याच ओट्यावर बसून त्याने मला सांगितलं, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

अंकुश कुंभवलीचा. आधी तो बोईसर स्टेशनवरून तारापूरला सहा आसनी रिक्षा चालवायचा. सहाच्या जागी दहा कोंबायची, मग मान बाहेर काढून ओरडायचं, "चला, कोण राहिलाय का? बसून घ्या." त्या हाळीची इतकी सवय, की घरात पानं वाढून झाली तरी तोंडातून तेच. मोनाली हसायची, तिची सासू म्हणायची, याला कधी स्मशानात नेऊ नका रे, तिथेही विचारील.

पुढे ती गाडी थकली आणि तो एका कंपनीत लागला. लोकांच्या मोटारी ट्रकच्या पाठीवर बांधून लांबच्या गावी पोचवायच्या, असली कंपनी. मी म्हटलं, चाकं असून दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जाते, म्हणजे मोटार झाली की नवरी? तो हसला नाही. त्या नोकरीत त्याचं हसणंच कमी झालं होतं. झोप नाही, जेवणाचं ठिकाण नाही.

मागच्या वर्षीच्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. माझं उद्यापन होतं, म्हणून रात्र पक्की ध्यानात आहे. चिंचणीच्या नर्मदाबाई सावे यांच्या घरून एक मोटार उचलायची होती. त्यांच्या यजमानांची, तात्यांची. काळी, लांबडी, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. पन्नास गावांत एक असायची तसली. तात्या गेले, मुलगा शैलेश पुण्याला. त्याने ती कोइंबतूरच्या एका हौशी माणसाला विकली आणि पोचवायला फोनवरूनच ही कंपनी ठरवली.

इकडे आपली मोनाली नुकतीच बाळंत झालेली. अंकुशने लेकीचं तोंडही पाहिलं नव्हतं. कंपनीचा साहेब भावेश त्याला म्हणाला, एवढी एक गाडी रातोरात चिल्हार फाट्यावरच्या आपल्या आवारात आणून दे. पहाटे मोठा कंटेनर दक्षिणेला निघतो. त्यात ती चढली की तू सुटलास, बारशाला जा. कंटेनर चुकला, तर मात्र कोइंबतूरपर्यंत तूच घेऊन जायची.

अंकुश गुजरातची फेरी करून तसाच चिंचणीला गेला. गाडी ट्रकवर ओढून घेतली, चारही चाकांना पट्टे आवळले, दारांना कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. नर्मदाबाई ओसरीतच उभ्या होत्या. पायरी उतरल्या नाहीत. आपला नंबर तेवढा दिला. म्हणाल्या, काही लागलं तर कधीही फोन करा, मला झोप नसतेच.

बोईसर मागे पडलं. कारखान्यांचे दिवे संपले. नागझरीच्या पुढे झाडी लागली तसे अंकुशचे डोळे मिटायला लागले. एकदा चाक रस्त्याखाली उतरलं, तेव्हा तो दचकला. एका वळणावर त्याने ट्रक बाजूला घेतला, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, पट्टे चाचपले. सगळे घट्ट. मग वर चढून बसला, चावी फिरवली, आणि झोपेत असलेला माणूस कूस बदलतो तसा, काही मनात नसताना, खिडकीतून मान काढून ओरडला,

"चला, कोण राहिलाय का? बसून घ्या."

त्याचं त्यालाच हसू आलं. अंधारात एक झाड नि तो.

मग मागे दार लागल्याचा आवाज झाला.

जुन्या मोटारीचं दार. जड. एकदाच.

तो उतरला. मोबाइलचा उजेड टाकला. कुलूप होतं तसं. किल्ली खिशात. काचेतून आत पाहिलं... सीट रिकामी. पण मोटारीची मागची बाजू खाली बसली होती. मघाशी घट्ट असलेले मागचे पट्टे लोंबत होते. आत कुणी वजनदार माणूस बसलं, की जसे सैल पडतील तसे.

त्याने पुन्हा आवळले. दमलो म्हणून असं दिसतं, असं स्वतःला सांगितलं. निघाला. थोडं अंतर गेला.

टक. टक.

पत्र्यावर. सहा आसनीत सवारी उतरायचं असलं की टपावर वाजवते ना, तसं. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आणि मागून बाईचा आवाज आला. घाबरवणारा नाही, बरं का. दमलेला. खूप वेळ उभं राहून पाय भरून आलेल्या बाईचा.

"दादा... दवाखाना आला का?"

अंकुश मला म्हणाला, आजी, मी ओरडणार होतो, पण ओरडायलाही अंगात काही पाहिजे.  मग त्याने नर्मदाबाईंना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"आजी, गाडीत कोणतरी हाय."





"बाई आहे?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं, अगदी हळू, जणू रोज रात्री स्वतःला सांगत असाव्यात. शैलेश लहान होता तेव्हाची गोष्ट. पावसाळा. तात्या याच गाडीतून पाहुणे घेऊन येत होते. गाडी खच्चून भरलेली. नागझरीच्या पुढच्या त्याच वळणावर डोंगरातला एक माणूस, जिव्या नावाचा, आडवा आला. बायको ठमी झाडाखाली. पोटुशी, कळा चालू. दुसरं वाहन त्या काळी कुठलं? तात्या म्हणाले, यांना सोडतो आणि येतो. पाहुण्यांना सोडलं, उलटे फिरले, तर मधल्या ओढ्याला पाणी. पाणी उतरेपर्यंत उजाडलं. वळणावर कुणी नव्हतं. जिव्याने बायकोला झोळीत घालून परत डोंगरात नेली होती, ती काही उठली नाही. पोटातलंही गेलं.

"'येतो' म्हणाले होते हो ते," नर्मदाबाई म्हणाल्या. "तेवढंच त्यांना लागून राहिलं. मरेपर्यंत त्या रस्त्याने गेले नाहीत."

"मग मी काय करू, आजी?"

"मी काय सांगणार, बाबा. तुमच्या गाडीत बसली आहे."

फोन ठेवल्यावर अंकुश स्टिअरिंगवर हात टाकून बसला. पुढे फाटा. कंटेनर, सुटी, लेक. मागे बोईसरचा सरकारी दवाखाना. मोनालीला कळा आल्या तेव्हा इथे मुरब्यात रिक्षा दारात उभी होती, म्हणे. ते त्याला आठवलं. भावेशचा फोन वाजत होता. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला.

त्याने ट्रक वळवला.

सबंध रस्ताभर मागून आवाज नाही. फक्त खड्डा आला की कुणी दात आवळून श्वास घ्यावा तसं... तेवढंच. खड्डा दिसला की तो ट्रक अगदी हळू करी. आपली बायको मागे बसवल्यासारखा.

दवाखान्याच्या फाटकाशी थांबला. पहारेकरी शेकोटीपाशी बसलेला. ट्रकवर मोटार पाहून म्हणाला, काय रे, हिला ताप आला काय? अंकुश खाली उतरला, मोटारीजवळ गेला, आणि जन्मभर जे ओरडत आला होता ते हळूच म्हणाला,

"ताई, दवाखाना आला. उतरून घ्या. सावकाश."



शेकोटीतलं लाकूड तडकलं.

मग दार उघडल्याचा आवाज. दार मात्र हललं नाही. थोडा वेळ गेला. अवघडलेल्या बाईला उतरायला लागतो, तेवढा. दार लागलं. मागची बाजू वर आली आणि आवळलेले पट्टे आणखी ताणले गेले.

पहारेकरी उभा राहिला होता.  फाटक अर्धवट लोटलेलं होतं, ते त्याने जाऊन पूर्ण उघडलं, आणि बाजूला सरून उभा राहिला.

अंकुश फाट्यावर पोचला तेव्हा फटफटलं होतं. कंटेनर निघून गेलेला. भावेशने तोंडाला येईल ते ऐकवलं, मग म्हणाला, आता तूच जा. अंकुशने चहा घेतला आणि गेला. भांडला नाही. काय सांगून भांडणार?

बारसं त्याच्याविना झालं. आपल्या याच घरात. शेजारच्या रंभाबाईने पाळणा म्हटला, पोरीचं नाव ठेवलं, बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. मोनाली नवऱ्याचे फोन उचलत नव्हती. रागाने नाही म्हणवत मला, पार दमून गेली होती ती. पोरीला मांडीवर घेऊन काजळ घालत होती, तेवढ्यात फोनवर दोन फोटो आले. कोइंबतूरहून.

मोटार नव्या मालकाच्या दारात उतरवली होती. गाडी ताब्यात घेताना आतबाहेर फोटो काढून ठेवायची कंपनीची रीत. पोचल्यावर तेच जुळवून बघायचे, म्हणजे पुढे भांडण नको. चिंचणीच्या फोटोत मागच्या दाराची आतली बाजू स्वच्छ. कोइंबतूरच्या फोटोत तिथे एक काळा फराटा. मालक म्हणे ग्रीस आहे. अंकुशने खाली लिहिलं होतं, ते मोनालीने मला वाचून दाखवलं. हे काय असेल? बोट लावलं तर अजून ओलं आहे.

मोनालीने तेव्हाच पोरीच्या गालाला तीट लावली होती. बोटाला उरलेलं काजळ पुसायला तिचा हात दाराच्या चौकटीकडे गेलेला. तो तसाच राहिला.

तिने फोन माझ्यापुढे धरला.

मी शिकलेली नाही, पण सहा बाळंतपणं काढली आहेत. ग्रीस कसलं... तीट लावून काजळाचं बोट पुसलेलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला. मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बाईचा हात पोचेल, तेवढ्याच उंचीवर.